सगुणाचा तांब्या

संशय घेण्याचा मला पगार मिळत असे. रोह्याच्या एका कंपनीच्या गेटवर बावीस वर्षं मी सुटणाऱ्या शिफ्टची झडती घेतली. डबे उघडून पाहिले, छत्र्या झटकून पाहिल्या. एकदा लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या सख्ख्या साडूची पिशवीसुद्धा उलटी केली. समोरून येणारा प्रत्येक माणूस काहीतरी लपवून चाललाय, असंच धरून चालायचं. ही सवय गेटवर टांगून घरी येता येत नाही. ती एसटीत आपल्या शेजारी बसून येते.

कंपनीजवळच वरशाला मी खोली घेतली होती. आठवडाभर तिथे राहायचो आणि बुधवारी संध्याकाळी घरी यायचो, कारण आमची सुट्टी गुरुवारची. आमचं गाव बेणेखार, पेणच्या बाजूला, खाडीला चिकटून. चाळीस घरं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि मध्ये मातीचा लांबलचक बांध. बांध आहे म्हणून गाव आहे. खाडीचं पाणी एकदा आत शिरलं की त्या वर्षीचं भात जातंच, वर दोन-तीन वर्षं जमीन पांढरी पडून राहते. बांधाच्या पोटात एक उघाडी आहे. उघाडी म्हणजे लाकडी झडपेचं दार. ओहोटीला ती झडप उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला मिटते आणि खाडी बाहेर राहते. या दाराला राखणदार लागतो. आणि राखणदार म्हटला की माझे कान टवकारलेच.

मी सांगणार आहे ते सगुणाबद्दल. तिने सव्वीस वर्षं आमची उघाडी राखली. पण माझ्याशिवाय तिची गोष्ट सांगता येत नाही, कारण पहिली दोन वर्षं तिच्या वाटेत आडवा पडलेला धोंडा मी होतो.

तिच्या आधी तिचा सासरा कान्हू राखणदार होता. सारा गाव त्याला आबा म्हणायचा. पस्तीस वर्षं आबांचा एक नेम होता. ओहोटी लागली की उघाडीच्या आतल्या बाजूला वाकायचं, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं, गालातल्या गालात फिरवून थुंकायचं. मग बांधावर ताठ उभं राहून गावाकडे तोंड करायचं आणि हाळी द्यायची, "गोऽऽड हाय!" ती हाळी आली की गाव निर्धास्त. बांध कुठे झिरपत असेल तर आतलं पाणी आधी बारीक खारट होतं, आणि ते बारीक खारटपण आबांच्या जिभेला कळायचं. तशी आठ-दहा वेळा त्यांनी "खार लागला!" अशीही हाळी दिली आणि गाव फावडी घेऊन धावला. आबांची जीभ म्हणजे आमच्या गावची तिजोरी होती. ती आम्ही कधी उघडून बघितली नाही.

शहात्तर साली मात्र एक गोष्ट घडली. बांधालगतच्या माझ्या शेतातलं भात पोटरीवर येता येता टोकाकडून जळालं. पाती हातात धरली की चुरा व्हायची. खार लागल्याशिवाय असं होत नाही. पण आबा तर रोज सांगत होते, गोड हाय. मग खार आला कुठून? माझं डोकं ताबडतोब शेजारच्या हिरामणकडे गेलं. त्याचं शेत माझ्याला लागून, आणि त्याला मासळीचं वेड. भरतीच्या वेळी झडपेत दगड अडकवून ठेवला की कोळंबी आत येते. केलं असणार यानेच! पुरावा कोर्टात लागतो, मला लागत नाही. हिरामणने देवाची शपथ घेतली, आणि जो शपथ घेतो त्याच्यावर तर माझा जास्तच संशय. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या लेकीच्या लग्नाला गेलो नाही. त्याची आई वारली तेव्हा नाक्यापर्यंत गेलो आणि तिथूनच परत आलो. माझी बायको कृष्णाबाई मात्र त्याच्या घरी जातयेत राहिली, आणि त्याबद्दल मी तिच्यावरही एक डोळा ठेवला.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात आबा गेले. त्यांचा मुलगा सखा बार्जवर खलाशी, वर्षाचे आठ महिने पाण्यावर. गाव जमला. बाबाजी आमच्या गावचे पंच, शब्दाला वजन असलेला माणूस. ते म्हणाले, "आबा जाताना सगुणाचं नाव घेऊन गेलेत. उघाडी सुनेकडं राहील."

मी उठलोच. "बाई आहे म्हणून नाही बोलत," मी म्हणालो, "पण तिचं माहेर कुठलं ते बघा. खाडीपलीकडचं मिठागर. तिच्या बापभावांचं पोट खाऱ्या पाण्यावर. त्यांची लेक आमचं गोड पाणी राखणार? कुंपणच शेत खाईल."

सगुणा भिंतीला टेकून उभी होती. पस्तिशीची, सडसडीत, पायाला मिठागरावरच्या जुन्या भेगा. ती काही बोलली नाही. जो काही बोलत नाही त्याच्यावर माझा आणखी संशय.

"पंधरा वर्सं झाली तिला येऊन," बाबाजी म्हणाले. "भात इथलंच खाते ना? बस खाली, महिपती."

मी बसलो, पण मनात उभाच राहिलो.

पहिल्या दिवशी ओहोटी लागली आणि गावाने कान बांधाकडे लावले. हाळी आलीच नाही. आली ती सगुणा, हातात पितळी तांब्या घेऊन. पहिल्या घराच्या दारात उभी राहिली आणि घरधनिणीला म्हणाली, "जिभेला लाव गो जरा, आन थुंक. सांग कसं हाय."

ती बाई हसली. "तू राखणदार ना? तूच सांग की!"

"तू सांग," सगुणा म्हणाली.

पाच घरं झाली की तांब्या रिकामा करून ती परत बांधावर. दुसऱ्या दिवशी पुढची पाच. आठ दिवसांत गाव पुरं व्हायचं आणि पहिल्यापासून सुरू. कुठल्याच दारात ती स्वतः "गोड" किंवा "खारं" हा शब्द उच्चारत नसे. बाया सांगायच्या, ती मान हलवायची. सुरुवातीला बायांनी थट्टा केली, मग त्यांना चटक लागली, मग त्या आपापसात भांडू लागल्या. "कालच्यापरीस आज जड लागतंय." "जड नाय गो, मातकट हाय ते." मी बुधवारी घरी आलो की बायको भाताआधी पाण्याचीच खबर द्यायची.

मला यात एकच दिसलं. राखणदाराने स्वतः सांगायचं नाही, चाळीस जणींच्या तोंडून वदवायचं. म्हणजे उद्या शेत जळालं तर बोट कुणाकडे दाखवणार? गेटवर मी असेच लोक पाहिले होते. आपल्या डब्यात काही ठेवत नाहीत, दुसऱ्याच्या डब्यात ठेवतात.

आणि एका गुरुवारी मला हवं होतं ते दिसलं. तंबाखूचा बार भरून मी बांधावर चक्कर टाकायला गेलो होतो. सगुणाने आतल्या बाजूने तांब्या भरला, इकडेतिकडे पाहिलं, मग बांध चढून पलीकडे उतरली आणि खाडीचं पाणी ओंजळीने थोडंसं तांब्यात सोडलं. मी खारफुटीच्या आड मटकन बसलो. तांब्या हलवून ती गावाकडे निघाली. आता ही बायांना खारं पाजणार, गावात बोंब उठवणार, लोक धावणार, आणि गोंधळात... गोंधळात काय, ते मला नीट जुळवता येईना. पण काहीतरी होतं खास!

घरी येऊन बायकोला विचारलं, "आज पाणी कसं होतं?"

"आज खारं घालून आणलं होतं तिनं," कृष्णाबाई शांतपणे म्हणाली. "मधनंमधनं आणते. आम्हाला कळतंय का बघते. मला कळलं, हौसाला नाय कळलं." हौसा म्हणजे हिरामणची बायको.

"आणि तुम्ही गप्प बसता?"

"मग काय करायचं? शिकवते ती."

शिकवते म्हणे! माझ्या मनात वेगळंच चमकलं. स्वतः कधी चव सांगत नाही, दुसऱ्यांना विचारत फिरते. या बाईला चव कळते तरी का?

पुढे भाद्रपदातल्या एका गुरुवारी पुन्हा आमच्या घराची पाळी आली. मी बायकोला हिरवी मिरची आणायला परसात पाठवलं आणि दारात मीच उभा राहिलो. सगुणाने तांब्या पुढे केला. तो मी हातात घेतला आणि "जरा उन्हात उभी आहेस, पाणी आणतो तुला," म्हणून आत गेलो. चुलीजवळच्या बरणीतलं चिमूटभर मीठ तांब्यात टाकलं, बोटाने ढवळलं. बाहेर येऊन पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला आणि तांब्यातलं जिभेला लावल्यासारखं केलं.

"गोड आहे," मी म्हणालो. "तूही बघ की एकदा. माझ्यासमोर."

तिने माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. तिने बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि पदराला पुसलं.

"मला कळत नाय, भावजी," ती म्हणाली. "मिठागरावर वाढले मी. लहानपणापासून ओठावर मीठच. खाडीचं पाणी कळतं, पण बारीक खार मला कळतच नाय. म्हणून तर दारोदार फिरते."

इतकं सरळ कबूल केल्यावर दुसरा माणूस विरघळला असता. मला आनंद झाला. दोन वर्षं जो माल शोधत होतो तो डब्यात सापडला होता. त्याच संध्याकाळी मी बाबाजींच्या ओसरीवर गेलो आणि सांगितलं, की गावाची उघाडी जिभेशिवायच्या बाईकडे आहे.

बाबाजींनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. "खरं हाय का गो?" त्यांनी सगुणाला बोलावून विचारलं. ती म्हणाली, खरं हाय. मग त्यांचाही इलाज चालेना. सर्वपित्रीला गाव घरी असतो, त्या दिवशी सकाळी बैठक ठरली. तोवरच्या सहा दिवसांसाठी, माझ्या आग्रहाखातर, सगुणाला घरी बसवलं आणि झडप सांभाळायला दिली माझ्या पुतण्याला, पुंडलिकला. तिशीचा गडी, खणखणीत आवाज. दुसऱ्या दिवशी ओहोटीला बांधावरून हाळी आली, "गोऽऽड हाय!" अगदी आबांची ढब. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे रोज हाळी येत राहिली. तांब्या बंद झाला. मी सर्वपित्रीची सुट्टी मिळवून आदल्या संध्याकाळीच आलो आणि गाव माझ्याकडे कौतुकाने बघतोय असं मला वाटलं.

सर्वपित्रीच्या सकाळी देवळासमोर सगळे जमले. पुरुष पुढे, बाया मागे. पाऊस दहा दिवस गेलेला, भात पोटरीवर, आणि अमावास्येचं मोठं उधाण दुपारी बाराला यायचं. बाबाजी म्हणाले, "जिभेचा वाद हाय तर जिभेनंच मिटवू."

तयारी मी केली होती. तीन वाट्या. पहिलीत पुंडलिकने सकाळी उघाडीच्या आतून आणलेलं पाणी, तसंच. दुसरीत तेच पाणी, चिमूटभर मीठ घालून. तिसरीत दोन चिमटी. सगुणाला पहिल्यांदा दिलं. तिने तिन्ही जिभेला लावल्या आणि म्हणाली, "मला तिन्ही सारखीच."

पुरुषांत खसखस पिकली. मग पुंडलिक. त्याने चाखलं, तोंड वाकडं केलं, तिसरी ओळखली, दुसरी ओळखली आणि पहिली वाटी उचलून म्हणाला, "ही गोड." मी गावाकडे वळून हात जोडले. झालं होतं काम.

"एक विचारू का?" सगुणा म्हणाली. "पहिल्या वाटीत गोड पाणी हाय, हे कुणी सांगितलं?"

"पुंडलिकने हाळी दिली सकाळी," मी म्हणालो. "तू ऐकली नाहीस?"

"हाळी ऐकली," ती म्हणाली. तिने पहिली वाटी उचलली आणि पुरुषांतून वाट काढत मागे गेली, सरळ माझ्या बायकोपुढे. "कृष्णाबाई, लाव गो जिभेला."

कृष्णाबाईने पाणी जिभेवर घेतलं, डोळे मिटले, थुंकलं आणि पुन्हा घेतलं.

"हे गोड नाय," ती म्हणाली.

मला भर गावात कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "तुला काय कळतंय?" मी ओरडलो.

"दोन वर्सं तेच तर शिकले," ती म्हणाली. "ओरडू नका. भांडण तुमच्याशी असेल, पाण्याशी नाय माझं."

वाटी पुढच्या बाईकडे गेली. "नाय, बारीक खार हाय." तिच्या पुढची म्हणाली, "परवाच्या उधाणाचं दिसतंय." वाटी हौसाकडे आली. तिने चाखलं आणि तिचा चेहराच उतरला. "लागलाय गो खार," ती म्हणाली. नऊ-दहा जणी झाल्या, एकीनेही गोड म्हटलं नाही. मला तोवर सगळं स्वच्छ दिसत होतं. कट होता. सगळ्या एकाच माळेचे मणी, आणि माळ ओवणारी सगुणा. घरोघरी तांब्या फिरवला तो याच दिवसासाठी!

"बाबाजी, या ठरवून बोलतायत," मी म्हणालो.

बाबाजींनी सूर्याकडे पाहिलं. भरती लागून तास झाला होता. "ठरवून बोलत असतील तर सांजच्याला बघू," ते उठत म्हणाले. "आधी बांधावर चला."

बांध दोन मैलांचा. त्यात भोक शोधायचं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. पुरुष फावडी घेऊन वरून पळत सुटले, आणि वरून काहीच दिसेना. तेव्हा सगुणाने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि बायांना हाक मारली. बांधाच्या आतल्या बाजूने पाण्याचा चर जातो. त्या चरात तिने दर पन्नास पावलांवर एकेकीला उभं केलं. "चाखत चला," ती म्हणाली. "खार वाढला की हात वर करा."

असं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. गुडघाभर चिखलात बाया वाकतायत, ओंजळ तोंडाशी नेतायत, थुंकतायत, दोन पावलं पुढे जातायत. हात वर झाले. काही खाली आले. मग हौसाचा आणि कृष्णाबाईचा हात एकमेकींपासून वीस पावलांवर वर राहिला, आणि त्या दोघी चालत चालत एकमेकींकडे येऊ लागल्या. त्या जिथे भेटल्या ती जागा म्हणजे माझ्या आणि हिरामणच्या शेताची शीव.

तिथे बांधाच्या पायथ्याशी एक जुना धोंडा होता. त्याच्या खालून पाणी नुसतं उकळ्या मारत होतं. भरती अजून निम्मीच होती. बाराला काय झालं असतं ते सांगायची गरज नाही. त्या भोकाची खांड, म्हणजे बांधाला भलं मोठं भगदाड, झाली असती आणि गावाचं भात खाडीत गेलं असतं. आम्ही पेंढा आणला, पोती आणली, माती ओतली. माती वाहून जायची. सगुणा खाली उतरली. "नुसती टाकू नका, थर द्या," म्हणाली आणि मातीच्या प्रत्येक थरावर पायांनी तुडवू लागली, टाच, चवडा, टाच, चवडा, मिठागराची तळं तुडवून घट्ट करतात तशी. तिला बघून बाकीच्या बाया उतरल्या. हिरामण उतरला, पुंडलिक उतरला. मीही उतरलो. बाराचं उधाण आलं, बांधाला धडकलं, आणि पाण्याचा एक थेंब आत आला नाही.

हिरामण तो धोंडा हाताने चाचपत होता. "ह्यो झिरपा आजचा नाय," तो म्हणाला. "दगड आतनं गुळगुळीत झालाय. कैक वर्सं मोठ्या उधाणाला पाणी येतंय इथनं, आन गाळानं बुजतंय." आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा मी त्याची नजर चुकवली.

परत येताना मी सगुणाला गाठलं. डोक्यात गेटवरचं यंत्र अजून चालूच होतं. शहात्तर साली माझं भात जळालं ते याच भोकाने. म्हणजे तेव्हा आतलं पाणी खारट असणार. आणि आबा तर रोज...

"आबांना कळलं नव्हतं?" मी विचारलं.

ती थांबली. इतरांना पुढे जाऊ दिलं.

"माझ्या हातनं पेजेत दोनदा मीठ पडलं होतं," ती म्हणाली. "तोंडात धरवत नव्हतं. आबांनी वाडगा पुरा केला. तवा कळलं मला. मरायच्या आधी त्यांनीच सांगितलं, जीभ मेली त्याला चार वर्सं झाली, भीतीनं हाळी देत आलो. गाव हाळीवर झोपतंय, मी कसं सांगू? म्हणाले, पोरी, दार माझ्यासारखं राख, पण एका जिभेवर राहू नको." मग तिने चिखलाचा हात पुसला. "पस्तीस वर्सं राखला त्यांनी बांध. त्यांचं नाव काढू नका, भावजी."

मला आधी रागच आला. आयुष्यात पहिल्यांदा खरा पुरावा हाती लागला होता, आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती. मग राग उतरला आणि लाज वाटली, इतकी की मी तिथेच बांधावर बसलो. आबांनी खोटी हाळी दिली ती भीतीने. पुंडलिकने दिली ती लहानपणापासून ऐकून ऐकून लागलेल्या सवयीने. आणि या बाईने दोन वर्षं माझ्यासारख्यांचा संशय अंगावर घेतला, पण कळत नाही ते कळतं असं एकदाही म्हटलं नाही. आता त्या सासऱ्या-सुनेपैकी कुणीच नाही, म्हणून हे लिहितोय.

बैठक पुन्हा भरलीच नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तांब्या घेऊन सगुणा गावात आली आणि कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी आमची पाळी होती. कृष्णाबाई पेणला बाजाराला गेलेली. दारात मी एकटा.

"कृष्णाबाई नाय?" सगुणाने विचारलं.

"नाही. दे, मी बघतो."

मी पाणी जिभेवर घेतलं. फिरवलं. थुंकून पुन्हा घेतलं. इतक्या वर्षांची गेटवरची तंबाखू, काय कळणार? पहिला विचार आला तो हाच, की हिने यात काही मिसळलंय का, मी टाकलं होतं तसं. तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काही सापडलं नाही. "गोड हाय" म्हणून टाकणं अगदी सोपं होतं. शब्द ओठावर आले होते, आणि आबांना रोज कसं वाटत असेल ते मला त्या क्षणी कळलं.

"मला कळत नाही, सगुणा," मी म्हणालो.

ती हसली नाही. "बरं केलंत सांगितलंत," म्हणाली. "पुढच्या घरी विचारते."

पुढचं घर हिरामणचं. ती निघाली, आणि मी चपला घालून तिच्या मागे गेलो. हौसाने उंबऱ्यावर पाणी चाखलं आणि म्हणाली, "गोड हाय गो." हिरामण अंगणात जाळं विणत बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

"हिरामण, शहात्तर साली झडप तू उघडली नव्हतीस," मी म्हणालो.

"ते मला ठाऊक हाय," तो म्हणाला आणि जाळं थोडं बाजूला ओढून जागा केली. "बस."